कान दुखतो की जबडा?

कानाशी ठणका लागला की आपण कानात कोमट तेल सोडतो. पण दुखणे पुष्कळदा कानाचे नसतेच. कानाच्या लगेच पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तिथे दाबल्यावर दुखले, चावताना कळ आली, तर संशय त्याच्यावरच घ्यावा. झोपेत दात खाणे, किडक्या दाढेपायी एकाच बाजूने चावणे, अशाने तो शिणतो. दोनेक आठवडे मऊ भात खावा, शेक घ्यावा, जांभई येताच हनुवटीखाली हात धरावा. बहुतेकांना उतार पडतो. सुपारी मात्र बंदच! सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागले, तर सांधा समजून शेकत बसू नका. तो कर्करोगाच्या आधीचा विकार असू शकतो. दातांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे.