मोठं विमान की लांब जाणारं विमान? एअरबस आणि बोइंगची पैज

ऐकायला वेळ नसेल तर या भागाचं हे लेखी रूप.

मुंबईहून युरोपातल्या एखाद्या मधल्या शहरात जायचं तर बहुतेक वेळा दुबई किंवा दोहाला उतरून विमान बदलावं लागतं. का? गणित सोपं आहे. 50 शहरं एकमेकांना थेट जोडायची म्हटली तर 1,225 मार्ग लागतात. मध्ये एक हब ठेवला की फक्त 50. नेटवर्किंग शिकलेल्यांनी स्टार टोपोलॉजी आठवा, तीच ही.

2000 साली एअरबसने या हबवर पैज लावली. त्यांचं म्हणणं असं, की प्रवासी वाढणार, पण हीथ्रोसारख्या विमानतळांवर नवे स्लॉट मिळणार नाहीत. स्लॉट म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ. मग एकाच स्लॉटमध्ये जास्त माणसं न्या! त्यातून दुमजली, चार इंजिनांचं ए380 आलं. 500च्या आसपास प्रवासी. 2007 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ते सिंगापूर-सिडनी मार्गावर उडवलं.

बोइंगने उलट विचार केला. लोकांना हब नकोय, थेट जायचंय. म्हणून 787 ड्रीमलायनर: साधारण अडीचशे सीट, दोनच इंजिनं, वजनाने निम्मं विमान कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिटचं, आणि ज्या 767 ची जागा घ्यायची त्यापेक्षा सुमारे 20 टक्के कमी इंधन. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावर जवळच्या विमानतळापासून फार लांब जायची परवानगी नव्हती. इंजिनं भरवशाची होत गेली तसा हा नियम सैल झाला आणि चार इंजिनांची मोठी गरजच संपली.

इथे लोक पटकन म्हणतात, ‘एअरबस चुकली’. मला ते अर्धंच पटतं. हीथ्रो आजही भरलेलंच आहे. खरा घोळ वेळेचा झाला. ए380 ची इंजिनं ठरली आणि काही वर्षांतच 787 साठी पुढच्या पिढीची इंजिनं आली. शिवाय 500 सीटचं विमान ऑगस्टमध्ये भरेल, पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी? अर्ध्या रिकाम्या विमानाचा खर्च काही अर्धा होत नाही. शेवटी 251 विमानं विकली गेली, त्यातली 123 एकट्या एमिरेट्सची. 2021 मध्ये शेवटचं ए380 दिलं गेलं.

म्हणजे बोइंग जिंकली? थांबा. खरी लढाई लहान विमानांत होती. 2010 मध्ये एअरबसने नव्या इंजिनांचं ए320 निओ जाहीर केलं आणि ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या. बोइंगने मग घाईने जुन्याच 737 वर मोठी इंजिनं बसवायचं ठरवलं, तेच मॅक्स. इंजिनं पुढे सरकल्यामुळे काही स्थितीत नाक वर जाऊ पाहायचं. ते खाली आणायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि ते एका वेळी एकाच सेन्सरवर विश्वास ठेवत होतं. आपण साध्या पेमेंट अ‍ॅपमध्येसुद्धा इनपुट तपासून घेतो हो! वैमानिकांच्या मॅन्युअलमध्येही त्याचा उल्लेख नव्हता. 2018 मध्ये लायन एअर, 2019 मध्ये इथिओपियन. 346 माणसं गेली.

आता पुढचं पाऊल एअरबसचंच आहे, आणि गंमत म्हणजे ते बोइंगच्या जुन्या विचाराचं. ए321 एक्सएलआर हे एकाच आइलचं विमान सुमारे 8,700 किलोमीटर जातं. आयबेरियाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते माद्रिद-बॉस्टनवर लावलं. इंडिगोनेही ती मागवलीत. ज्या मार्गावर रोज 300 प्रवासी मिळत नाहीत, पण दीडशे-दोनशे मिळतात, तिथे थेट फ्लाइट परवडू शकते. दुबईतली चार तासांची वाट वाचेल. बदल्यात काय? त्याच अरुंद केबिनमध्ये आठेक तास, आणि मधल्या सीटवाल्याला टॉयलेटला जायचं असेल तर ट्रॉली सरकेपर्यंत थांबायचं.

ए380 मात्र अजून गेलेलं नाही. बोइंगचं मोठं 777एक्स वर्षानुवर्षं लांबलं, त्यामुळे कोविडमध्ये उभी करून ठेवलेली ही दुमजली विमानं लुफ्तान्सासारख्या कंपन्यांनी पुन्हा बाहेर काढली.

तुम्ही काय निवडाल, स्वस्तात एक स्टॉप की थोडी महाग थेट फ्लाइट? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.