विश्लेषण : आवाज फुटू नये म्हणून मुलांवर शस्त्रक्रिया… युरोपातील ‘कॅस्ट्राटी’ गायकांचा इतिहास काय आहे?

व्हॅटिकनमध्ये १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या तंत्रज्ञांनी ४३ वर्षांच्या एका गायकाचा आवाज तबकडीवर टिपला. १९०४ मध्ये त्याचे पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. अलेस्सांद्रो मोरेस्की हे त्याचे नाव. यूट्यूबवर आजही मिळणाऱ्या या ध्वनिमुद्रणातला आवाज धड पुरुषाचा वाटत नाही, स्त्रीचा नाही आणि लहान मुलाचाही नाही. एकल गायन ध्वनिमुद्रित झालेला हा एकमेव ‘कॅस्ट्राटो’. त्याच्यामागे सुमारे साडेतीनशे वर्षांची एक क्रूर प्रथा होती.

कॅस्ट्राटो म्हणजे कोण?

वयात येण्यापूर्वी, साधारण सात ते बारा वर्षांच्या दरम्यान, ज्याचे वृषण निकामी केले जात असा गायक म्हणजे कॅस्ट्राटो. अनेकवचन कॅस्ट्राटी. उद्देश एकच, मुलाचा आवाज फुटू नये.

आवाजात नेमका काय फरक पडे?

वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलाचे स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. वृषणच नसल्याने कॅस्ट्राटीमध्ये हे घडत नसे. स्वरतंतू आखूडच राहत. हाडांची वाढ मात्र उशिरापर्यंत सुरू राही. त्यामुळे हातपाय लांब आणि छाती भरदार होई. म्हणजे स्वर मुलाचा, पण त्यामागे मोठ्या माणसाची फुप्फुसे आणि अनेक वर्षांचा रियाज. हे मिश्रण निसर्गात आपोआप तयार होत नाही.

प्रथा सुरू का झाली?

स्त्रियांनी चर्चमध्ये मौन पाळावे, या बायबलमधील वचनाच्या आधारे चर्चच्या गायकवृंदात त्यांना प्रवेश नव्हता. मुलांचे आवाज काही वर्षांतच फुटत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅस्ट्राटी चर्चमध्ये गाऊ लागले. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८९ मध्ये सेंट पीटर्सच्या गायकवृंदात त्यांना स्थान दिले. रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावरही बंदी असल्याने पुढे ऑपेरातील स्त्रीभूमिकाही त्यांच्याकडे आल्या. मात्र ते केवळ नायिका नव्हते. हँडेलच्या १७२४ मधील ऑपेरात ज्युलियस सीझरची भूमिका सेनेसिनो या कॅस्ट्राटोने गायली. तेव्हा वीरपुरुषाचा आवाज उंच पट्टीतलाच मानला जाई.

ही मुले कुठून येत?

बहुतेक गरीब घरांतून. एक मुलगा गायक झाला तर घर तरेल, ही आशा असे. नेपल्समध्ये चार संगीतशाळा होत्या, त्यांची सुरुवात अनाथाश्रम म्हणून झाली होती. तिथे मुलांना स्वरसाधना, लेखन, वाद्यवादन शिकवले जाई. मोजक्यांचे नशीब उघडले, बाकीचे लहानसहान चर्चमध्ये गात राहिले. संसाराची वाटही बंद होती. कारण १५८७ च्या पोपच्याच आदेशानुसार अशा पुरुषांना विवाहाची परवानगी नव्हती.

सर्वांत प्रसिद्ध कोण?

फरिनेल्ली, मूळ नाव कार्लो ब्रोस्की (१७०५-१७८२). लंडन गाजवून तो १७३७ मध्ये स्पेनला गेला. राजा फिलिप पाचवे नैराश्याने ग्रासले होते. फरिनेल्लीच्या गाण्याने त्यांना बरे वाटेल, अशी राणीला आशा होती. त्यानंतर त्याने सार्वजनिक रंगमंच सोडला आणि दोन दशकांहून अधिक काळ तो स्पेनच्या दरबारातच राहिला. २००६ मध्ये बोलोन्या येथे त्याच्या अस्थी बाहेर काढून तपासण्यात आल्या. कपाळाचे हाड आतून जाड झाल्याचे त्यात आढळले. एरवी हा बदल प्रामुख्याने वयस्क स्त्रियांमध्ये दिसतो.

मग जबाबदार कोण?

इथेच या इतिहासाची खरी मेख आहे. अशी शस्त्रक्रिया करणे गुन्हा होता, चर्चची शिक्षाही होती. पण त्यातून तयार झालेल्या गायकाला चर्चच नोकरी देत असे. म्हणून घरचे लोक ‘घोड्यावरून पडला’, ‘रानडुकराने जखमी केले’ अशी कारणे पुढे करत. इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी १७७० मध्ये इटलीत फिरताना हे नेमके कुठे होते, याची चौकशी केली. मिलानने व्हेनिसकडे बोट दाखवले, व्हेनिसने बोलोन्याकडे, तिथून फ्लॉरेन्स, मग रोम, मग नेपल्स. गाणे सर्वांना हवे होते, जखमेची जबाबदारी कुणालाच नको होती.

प्रथा कशी संपली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस अभिरुची बदलली, रंगमंचावर स्त्रिया आल्या आणि नायकाच्या भूमिका टेनर गायकांकडे गेल्या. मायरबेअरच्या १८२४ मधील ऑपेरात वेलुती या कॅस्ट्राटोसाठी लिहिलेली भूमिका ही अशा शेवटच्या मोठ्या भूमिकांपैकी. चर्चमध्ये प्रथा आणखी रेंगाळली. १९०३ मध्ये पोप पायस दहावे यांनी उंच स्वरांसाठी मुलेच घ्यावीत, असा आदेश काढला. मोरेस्की १९१३ मध्ये निवृत्त झाला आणि १९२२ मध्ये त्याचे निधन झाले.

आज ती गाणी कोण गाते?

स्त्री गायिका किंवा ‘काउंटरटेनर’ म्हणजे उंच पट्टीत गाण्याचा सराव केलेले पुरुष. १९९४ च्या ‘फरिनेल्ली’ चित्रपटासाठी एका काउंटरटेनरचा आणि एका सोप्रानो गायिकेचा आवाज संगणकावर एकत्र करण्यात आला. ज्या आवाजासाठी कधी मुलांचे आयुष्य पणाला लावले गेले, त्याच्या जवळ जाण्यासाठी आता दोन गायक आणि एक संगणक पुरतो.