मुजरा करणारे असतात म्हणून राजा

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मित्रहो, माझ्या मते आणखी एक सोंग एकट्याला आणता येत नाही. ते म्हणजे राजाचं सोंग. डोक्यावर मुकुट चढवून तुम्ही चौकात उभे राहिलात आणि कोणी मान लववली नाही, तर तुम्ही राजे नाही, नुसते मुकुट घातलेले गृहस्थ.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीत मातीचा किल्ला व्हायचा. किल्ला झाला की आम्ही पोरं मागच्या पडीक जागेत लढाई खेळायचो. बांबूच्या कामट्यांच्या तलवारी, डब्याच्या झाकणांच्या ढाली. रोज एक भांडण ठरलेलं. ‘तुला लागली, तू मेलास.’ ‘कुठं लागली? मी नाही मेलो!’ दुसरं एक भांडण व्हायला हवं होतं, पण ते कधी झालं नाही, कारण मी गप्प बसायचो. खान कोण होणार, हे कोणी विचारतच नसे. नावामुळे तो मान कायम माझा.

हे सगळं आठवायचं कारण, अमेरिका-युरोपात मोठी माणसं खेळतात असा एक खेळ. त्याचं नाव ‘लाइव्ह ॲक्शन रोल प्लेइंग’, आद्याक्षरांनी ‘लार्प’. सोप्या मराठीत, सोंग घेऊन खेळायचा खेळ. कोणी सरदार होतो, कोणी वैद्य, कोणी हेर. पोशाख नाटकासारखा, पण पाठ केलेली वाक्यं नाहीत आणि समोर प्रेक्षकही नाहीत. जे खेळतात तेच पाहतात. काही तास, कधी दोन-तीन दिवस माणसं त्या सोंगात वावरतात.

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ बाजारात आला. पुढे काहींना बसून खेळणं पुरेना. १९७७ साली वॉशिंग्टनच्या परिसरात ‘डॅगोरहिर’ हा मैदानी लढाईचा खेळ सुरू झाला. १९८२ साली इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधले खेळाडू तर १९९७ पासून आळीपाळीने आपापल्या देशात संमेलन भरवून या खेळावर चर्चा करतात.

आता आमच्या आळीतलं पहिलं भांडण घ्या. लागली की नाही, हे ठरवायचं कोणी? डॅगोरहिरमधल्या तलवारींवर फोमचं जाड आवरण असतं, त्यामुळे जखम होत नाही. पण मग वार बसल्याची खूणही राहत नाही. शेकडो माणसं भिडलेली असताना पंच कुठं कुठं पाहणार? म्हणून तिथली रीत अशी, की वार ज्याला लागला त्यानेच तो कबूल करायचा. हातावर बसला तर तो हात पाठीमागे घ्यायचा. पायावर बसला तर गुडघ्यावर यायचं. मारणाऱ्याने ‘लागली, लागली’ म्हणून ओरडायचं नाही. निकाल मार खाणाऱ्याच्या सचोटीवर सोपवलेला. अशाच धर्तीच्या लढाया खेळणाऱ्या अमेरिकेतल्या एका जुन्या मंडळात वार बसूनही कबूल न करणाऱ्याला गेंड्याच्या कातडीचा म्हणतात. आपल्याकडेही तसल्या माणसाला हेच म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली.

पोलंडमधल्या चोखा किल्ल्यात २०१४ साली ‘कॉलेज ऑफ विझार्ड्री’ नावाचा खेळ सुरू झाला. तिथे जादूचं विद्यालय असल्याची कल्पना आहे. विद्यार्थी छडी फिरवून एकमेकांवर मंत्र टाकतात. मंत्राचा परिणाम काय, हे मात्र टाकणारा ठरवत नाही. ज्याच्यावर मंत्र पडला तो ठरवतो. म्हणजे माझी जादू किती मोठी, हे तुमच्या हातात. तुम्ही धाडकन कोसळलात, तर मी मोठा जादूगार. तुम्ही जांभई दिलीत, तर मी हवेत काठी फिरवणारा वेडा.

राजाचंही तसंच. तो आला की बाकीचे उठून उभे राहतात, आवाज खाली येतो, मग भित्र्या स्वभावाचा कारकूनही दोन दिवस राजा म्हणून शोभतो. या खेळातली जाणती मंडळी म्हणतात, स्वतः उंच दिसण्यासाठी खेळू नका, दुसऱ्याला उचलून धरा. मी कवी असल्यामुळे मला हे लगेच पटलं. मुशायऱ्यात शेर कवीचा असतो, पण तो उचलतात समोर बसलेले. दाद देणारा गप्प राहिला, तर चांगला शेरही जमिनीवर पडतो.

या मंडळींचं आणखी एक सांगणं आहे: हरायलाही शिका. समजा, तुम्ही हेर आहात आणि तुमच्या खिशात गुप्त चिठ्ठी आहे. खेळ संपेपर्यंत ती कोणाच्या हाती लागली नाही, तर तुम्ही जिंकलात. पण तुमच्याशिवाय त्या चिठ्ठीचा आनंद कोणाला मिळाला? तीच चिठ्ठी मुद्दाम पेल्याखाली विसरा. कोणाला तरी ती सापडते, धावपळ होते, दरबार भरतो, तुम्ही पकडले जाता आणि दहा जणांना काही करायला मिळतं. अर्थात सगळेच हरायला बसले तर खेळ रंगणार नाही. शत्रूने नेटाने लढायलाच हवं. फक्त, आपण चढाई कोणासाठी करतो आहोत, याचं भान हवं.

हे भान राखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. उत्तर युरोपातल्या अनेक खेळांत ‘कट’ हा शब्द कोणीही उच्चारला की खेळ थांबतो. ‘ब्रेक’ म्हटलं की समोरच्याने जोर कमी करायचा. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली खूण म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ अंगठा वर केला तर ठीक. खाली किंवा आडवा दाखवला, तर सोंग बाजूला ठेवून आधी माणसाची विचारपूस. डोळ्यांवर हाताची झापड धरून कोणी निघून गेला, तर का म्हणून विचारायचं नाही.

खेळ संपल्यावर अनेक ठिकाणी माणसं गोल करून बसतात. पोशाख उतरवतात, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारतात. ज्याने दोन दिवस छळलं तो, ज्याला छळलं त्याच्याजवळ जाऊन बसतो. कारण सोंगातला राग आणि दुःख माणसात पाझरतात, हे त्यांना अनुभवाने कळलं आहे.

आमच्या आळीत नेमकं हेच राहून जायचं. बाकीच्या पोरांची सोंगं दिवेलागणीला उतरायची. माझं उतरत नसे. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी वाटेत कोणीतरी ओरडायचं, ‘ए खान, पळ!’ म्हणणाऱ्याच्या मनात काही नसेल. माझ्या मनात मात्र ते राहायचं.

एका दिवाळीत शेजारचा एक मुलगा, आमच्यातला सर्वांत दांडगा, रोजचा सेनापती, तलवार टाकून म्हणाला, ‘आज मी खान. तू ये गडावर.’ दोघं-तिघं कुरकुरले. तो म्हणाला, ‘महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, गुरुजींनी नाही का सांगितलं?’ मग त्या दिवशी मी गडावरून खाली आलो आणि कामटी त्याच्या दंडाला नुसती टेकवली. खरं तर नीट लागलीही नव्हती. तो मात्र ‘मेलो, मेलो’ करत अशा झोकात पडला की सगळी आळी हसली.

लार्प हा शब्द त्याने ऐकला असण्याचं कारण नाही. पण समोरच्याला उचलून धरणं म्हणजे काय, हे मला त्या पडण्यातून समजलं. मुलं अंगणात खेळत असतील, तर कोण जिंकलं हे जरूर विचारा. त्याबरोबर आज कोणाला कोणतं सोंग मिळालं आणि रोज तेच मिळतं का, एवढंही विचारून पाहा.