असं का होतं? : बांध ओलांडणारे प्रोग्रॅम

विंडोज ९५ वर काम करताना अचानक चौकट उमटायची: या प्रोग्रॅमने बेकायदा कृती केली आहे, तो बंद होईल. वापरणाऱ्याला वाटे, आपलंच चुकलं. चूक बहुधा प्रोग्रॅमची असे. मेमरीत प्रत्येक प्रोग्रॅमला शेतासारखा तुकडा आखून मिळतो. इंटेलच्या १९८२ च्या ८०२८६ चिपपासून बांधावर राखण करायची सोय प्रोसेसरमध्येच आली. प्रोग्रॅमने चुकीचा पत्ता काढून मनाई असलेल्या जागी लिहायला हात घातला, की प्रोसेसर ते तिथेच अडवून विंडोजला कळवतो. आधीच्या ८०८८ चिपवर ही राखण नव्हती. अख्खा संगणक गोठू शके. विंडोज ९५ मध्येही जुन्या १६-बिट प्रोग्रॅमांचं शेत सामाईकच ठेवलं होतं, त्यामुळे एकाच्या चुकीने दुसरा कोसळे.