मत्स्यसंशोधन-सफरींतील सागरजलाचे मापन

कोडोलीच्या शिवारावर पडणारा पाऊस वारणेत उतरतो, वारणा हरिपूरजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णा ते पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरास नेऊन पोहोचविते. अरबी समुद्र कोडोलीला त्या मानाने कितीतरी जवळ आहे. परंतु मध्ये सह्याद्रीचा माथा आहे. माथ्याच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस मात्र वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या लहान नद्यांवाटे अल्पावधीत कोकणच्या समुद्रात जातो. या साध्या भौगोलिक वस्तुस्थितीचा परिणाम दोन्ही समुद्रांच्या पाण्यावर झालेला दिसतो. मोठ्या नद्यांचे पाणी घेणाऱ्या बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग सौम्य खारा आहे. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन अधिक असल्याने त्याच्या उत्तर भागातील पृष्ठजलाची लवणता ३६ च्याही वर जाते. तरीही पावसाळ्यात कोकण व गोव्याच्या किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा एक पातळ थर पसरतो, आणि मासेमारीच्या दृष्टीने याच थराखाली काय घडते हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

मासे शोधण्यासाठी निघालेले जहाज पाण्याचे तापमान, लवणता आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्यात तासन्‌तास का घालविते, असा प्रश्न या विषयाशी अपरिचित अभ्यासकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, जाळ्यात आलेल्या माशांची संख्या ही स्वतः काहीच सांगत नाही. एखाद्या ठिकाणी मासे कमी मिळाले, तर ते संख्येने घटले आहेत, की तेथील पाणी असह्य झाल्याने अन्यत्र गेले आहेत, हे जाळ्यावरून कळत नाही. ते कळण्यास पाण्याचीच साक्ष काढावी लागते.

मापनाची साधने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खोल पाण्याचे तापमान घेण्यासाठी उलटा होणारा तापमापक वापरात आला. ठराविक खोलीवर तो उलटा केला म्हणजे पाऱ्याचा धागा तुटतो आणि त्या क्षणीचे तापमान कायम राहते; वर येताना वाटेतील उष्ण पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही. हे तापमापक नान्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या बाटल्यांना जोडलेले असत. तारेवरून एक वजन खाली सोडले जाई. ते पहिल्या बाटलीवर आदळून तिला उलटी करी, तिचे तोंड बंद होई आणि तिच्याखालचे दुसरे वजन सुटून पुढील बाटलीकडे जाई. अशा रीतीने एकाच तारेवर निरनिराळ्या खोलींवरील पाणी कोंडले जाई.

लवणता काढण्याची जुनी रीत रासायनिक होती. पाण्यातील क्लोराइडाचे प्रमाण सिल्व्हर नायट्रेटाच्या अनुमापनाने काढावयाचे आणि क्नुडसेन यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून लवणता ठरवावयाची. निरनिराळ्या समुद्रांत एकूण लवणांचे प्रमाण बदलले तरी मुख्य लवणांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ स्थिर असते, या तत्त्वावर ही रीत उभी होती. पुढे पाण्याच्या विद्युत्‌-वाहकतेवरून लवणता काढण्यात येऊ लागली. १९७८ च्या व्यावहारिक लवणता-मापनक्रमानुसार पोटॅशियम क्लोराइडाच्या एका निश्चित द्रावणाशी सागरजलाच्या वाहकतेचे गुणोत्तर काढतात. म्हणून आज लवणता ‘३५’ अशी लिहितात. तिला एकक नसते, यद्यपि ती एक किलोग्रॅम पाण्यातील सुमारे ३५ ग्रॅम लवणांशी जुळते.

येथे परिभाषेचा एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. मराठी लेखनात ‘लवणता’ व ‘क्षारता’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने येतात. परंतु ‘क्षार’ हा शब्द मीठ आणि आम्लाचा विरोधी पदार्थ या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. संशोधन-जहाजावर पाण्यातील एकूण मिठाचे प्रमाण आणि आम्ल शोषून घेण्याची पाण्याची शक्ती ही दोन्ही स्वतंत्रपणे मोजली जातात. दोहोंस एकच शब्द वापरल्यास कोष्टक वाचणाऱ्याची फसगत होईल. पहिलीस ‘लवणता’ म्हणणे आणि ‘क्षारता’ हा शब्द दुसरीसाठी राखून ठेवणे हे युक्त होय.

आजच्या सफरींत वाहकता, तापमान व खोली एकाच वेळी नोंदविणारे विद्युत्-उपकरण तारेने पाण्यात सोडतात. खोली दाबावरून काढली जाते. दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. उपकरणाभोवती बाटल्यांचे कडे बसविलेले असते. खाली जाताना पाण्याची सलग नोंद मिळते. ती पाहून कोणत्या खोलीवरचे पाणी घ्यावयाचे हे ठरवितात, आणि वर येताना त्या त्या ठिकाणी बाटल्या बंद करतात.

विद्युत्-उपकरण आले म्हणून बाटल्यांचे महत्त्व संपले, असे मात्र नाही. उपकरणाचे वाचन कालांतराने सरकते. बाटलीतील पाण्याची प्रयोगशाळेत काढलेली लवणता त्यास ताळ्यावर आणते. शिवाय तापमान व वाहकता मोजणारे दोन घटक सारख्याच वेगाने प्रतिसाद देत नाहीत. जेथे थोड्या अंतरात तापमान झपाट्याने बदलते तेथे या विलंबामुळे लवणतेच्या आलेखावर खोटी टोके उमटतात. अननुभवी वाचक त्यांस निसर्गातील घटना समजण्याचा संभव असतो.

प्राणवायूचे मापन

विरघळलेल्या प्राणवायूसाठी हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांनी १८८८ मध्ये दिलेली पद्धती आजही प्रमाण मानली जाते. पाण्याच्या नमुन्यात मँगनीजचे लवण आणि अल्कयुक्त आयोडाइड घालतात. तयार होणारा साका प्राणवायू धरून ठेवतो व तपकिरी होतो. पाण्यात प्राणवायू नसेल तर तो पांढराच राहतो. आम्ल घातल्यावर प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मुक्त होते आणि त्याचे थायोसल्फेटने अनुमापन करतात. साक्याच्या रंगावरूनच अनुभवी कार्यकर्त्यास पाण्याची अवस्था ध्यानात येते.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. बाटली वर आल्याबरोबर प्राणवायूचा नमुना सर्वांत आधी घ्यावयाचा, कारण हवेचा स्पर्श होताच मूळ प्रमाण बिघडते. नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, बुडबुडा न होऊ देता पाणी भरावयाचे. नंतर पोषकद्रव्यांचे नमुने आणि शेवटी लवणतेचा नमुना. तळावरून जाळे ओढल्याने गाळ ढवळला जातो. म्हणून जलमापन जाळ्यापूर्वी उरकावे लागते.

पश्चिम किनाऱ्याचे उदाहरण

या सर्व खटाटोपाचे फळ काय, हे पश्चिम किनाऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नैर्ऋत्य मोसमी काळात किनाऱ्यालगत वाऱ्याचा एक घटक दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या परिभ्रमणगतीमुळे नव्हे, तर परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठजल वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर, लोटले जाते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी उथळ मंचावर चढते. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीपर्यंत प्राणवायूची तीव्र टंचाई आहे. त्यामुळे वर चढणारे हे पाणी मुळातच प्राणवायूने दरिद्री असते. त्यातील पोषकद्रव्यांमुळे सूक्ष्म वनस्पती वाढतात व तारली, बांगडा यांसारख्या माशांच्या अन्नसाखळीस आधार मिळतो. परंतु त्याच वनस्पती मरून तळाशी कुजू लागल्या की उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो. तात्पर्य, एकच घटना वरच्या थरात समृद्धी आणि तळाशी उपासमार घडविते.

कार्ल बान्झे यांनी १९५९ मध्ये नैर्ऋत्य किनाऱ्यावरील जलाचे ऊर्ध्वगमन आणि तळाची मासेमारी यांचा संबंध दाखवून दिला. असे थंड, अल्पप्राणवायू पाणी मंचावर पसरले असता तळाशी राहणारे मासे तेथून हटतात. त्यापुढील वर्षांत, १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या समुद्राचे व्यापक मापन केले. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ आणि भारत-नॉर्वे प्रकल्पाचे ‘वरुणा’ ही जहाजे तीत सहभागी होती. ‘किस्तना’ हे कृष्णा नदीचेच जुने इंग्रजी वळणाचे नाव होय. मोहिमेच्या अखेरीस, १९६६ मध्ये, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेल्या ‘सागर संपदा’ या जहाजाने मत्स्यसंशोधन व जलमापन ही दोन्ही कामे एकत्र केली.

गोव्यात कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने एका ठराविक स्थानकावर १९९७ पासून पुनःपुन्हा मापन केले. या परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू पूर्णपणे संपून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होत असल्याचे नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. येथे आरंभी उल्लेखिलेला गोड्या पाण्याचा थर पुढे येतो. हलका असल्याने तो झाकणासारखा वर राहतो व हवेतील प्राणवायू खाली जाऊ देत नाही. पृष्ठभागावर तापमापक बुडविला तर पाणी उबदार व निर्दोष दिसते. काही मीटर खाली मात्र परिस्थिती अगदी निराळी असते.

उपग्रहास पृष्ठभागच दिसतो, आणि पावसाळी ढगांमुळे तोही पुष्कळदा दिसत नाही. जगभर दहा-दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारणारे स्वयंचलित तरंगक खोल समुद्रासाठी योजलेले आहेत. उथळ मंचावर त्यांचा उपयोग मर्यादित आहे. म्हणून या पट्ट्यात जहाजावरून प्रत्यक्ष घेतलेल्या मापनाला पर्याय नाही.

पावसाळी बंदी उठून नारळी पौर्णिमेनंतर कोकणातील होड्या समुद्रात लोटल्या जातात, तो काळ नेमका याच अवस्थेचा असतो. या दिवसांत तळाच्या जाळ्यात मासे न आल्यास साठा संपला असे अनुमान काढणे चूक ठरेल. उलट, अल्पप्राणवायू पाण्याच्या कडेला मासे दाटीने एकत्र आले व जाळी भरली, तर साठा विपुल आहे असे समजणे अधिक धोक्याचे. कारण त्या भरवशावर अशक्त साठ्यावरच मासेमारीचा भार वाढेल. दोन्ही चुकांची किंमत शेवटी कोळी कुटुंबांसच द्यावी लागते. पकडीच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळचे तापमान, लवणता व प्राणवायू लिहिलेले असणे ही मत्स्यसंशोधनाची पहिली अट आहे, ती यासाठीच.