इन्सुलिन बनवणारे जिवाणू काय खातात?



टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. ते बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गाई-बैलांच्या स्वादुपिंडातून काढत असत. १९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत बसवून त्याच्याकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. १९८२ मध्ये त्या औषधाला तिथे मंजुरी मिळाली.

मग जनुक बसवलं की काम झालं का? नाही. आपल्या भागातला कोणताही कास्तकार सांगेल, की नुसतं बियाणं चांगलं असून भागत नाही, जमीन आणि खत-पाणीही लागतं. जिवाणूंच्या या 'जमिनीला' संवर्धन माध्यम म्हणतात. नेहमीच्या माध्यमात दुधातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे, यीस्टचा अर्क आणि मीठ असतं.

माध्यम बदललं की काय होतं, हे आपण लोणारला पाहिलंय. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यामुळे मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव वाढले होते. त्यांचं जनुक कुणी बदललं नव्हतं, बदललं होतं ते पाणी.

आता प्रयोगशाळेत येऊ. युरिया जास्त झाला की कपाशी नुसतीच वाढते, बोंडं कमी लागतात. जिवाणूंचंही काहीसं तसंच. ग्लुकोज खूप दिलं तर ते भराभर वाढतात, पण व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक आम्ल तयार करतात आणि त्यातच पुढची वाढ खुंटते.

दुसरी गंमत अशी : अनेक प्रयोगांत बसवलेल्या जनुकाचं 'बटण' लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने, चालू होतं. पण ग्लुकोज शिल्लक असेपर्यंत जिवाणू तेच आधी खातो आणि बटण बंद राहतं. २००५ मध्ये विल्यम स्टुडिअर यांनी थोडं ग्लुकोज, लॅक्टोज आणि ग्लिसरॉल एकत्र असलेलं माध्यम मांडलं. आधी ग्लुकोजवर जिवाणू वाढतात, ते संपलं की बटण आपोआप दाबलं जातं. म्हणजे आधी वाढ, मग उत्पादन.

शेवटी प्रथिन वेगळं करून शुद्ध केलं जातं. बाटलीत जिवंत जिवाणू नसतात. त्यामुळे 'जंतूंपासून बनलेलं औषध' ऐकून कोणत्याही पालकाने इंजेक्शन थांबवू नये.

वर्गात करून बघा : दोन बाटल्यांत कोमट पाणी आणि यीस्ट घ्या. एकीतच साखर टाका, दोन्हींच्या तोंडाला फुगे लावा. तासाभराने मुलांना विचारा, यीस्ट तेच, मग फरक कशामुळे पडला?