फोन आपल्याच हातात

"ताई, मी नाही देत जी फोन त्याच्या हातात."

इटियाडोह धरणाच्या काठावरल्या एका गावात आमची बचत गटाची बैठक नुकतीच आटोपली होती. चहाचे कप विसळायला एक मुलगी मागे थांबली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोन दिवस उरलेले, कागद सगळे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेले, आणि ही बाई दुकानातून प्रिंट न काढताच परत आली म्हणून तिची आई तिला सगळ्यांसमोर बोलली होती. मी एकटीला विचारलं तेव्हा तिनं हे सांगितलं. दुकानातला मुलगा म्हणतो, फोन दे, वायर लावून काढतो. वायर लावली की अख्खी गॅलरी त्याच्या पडद्यावर उघडते. मैत्रिणीच्या हळदीतले फोटो, बहिणीच्या बाळंतपणातले फोटो, सगळं. मागच्या वेळेस त्यानं एकेक उघडून 'हा का, हा का' करत बराच वेळ घेतला होता.

"मग व्हॉट्सअ‍ॅप करायचं ना त्याला," मी शहाणपणानं म्हटलं.

"मंग नंबर जाते ना ताई त्याच्याकडं."

मी गप्प झाले. गेली कित्येक वर्षं मी बायकांना 'शिका, कॉम्प्युटर शिका' म्हणून सांगत फिरते. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या काही वर्षांत मीही ते केलं. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. पण कागद एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेणं ही एवढी साधी गोष्ट एखाद्या पोरीच्या शिष्यवृत्तीच्या आड येत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आपल्याकडे याचे तीनच मार्ग सगळ्यांना माहीत. पेन ड्राइव्ह, वायर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप. पेन ड्राइव्ह दहा दुकानांत फिरतो आणि दहा ठिकाणचे व्हायरस घरी घेऊन येतो. आमच्या गटाचा दोन वर्षांचा हिशेब असाच एकदा शॉर्टकट होऊन बसला होता, फाइल दिसायची पण उघडायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, उत्पन्नाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट येतो आणि साहेब अर्ज परत करतात. शिवाय दोन हातांवरच्या लॅपटॉपवर एक फोटो न्यायचा, तर तो आधी कुठल्या तरी दूरदेशीच्या यंत्रावर चढतो आणि तिथून परत खाली येतो. म्हणजे इटियाडोहचं पाणी वडशाला नेऊन टँकरनं परत गोठणगावला आणावं, तसलं काम. त्यात धरणाकडल्या बाजूला रेंज म्हणजे लहरी पाहुणी.

पूर्वी आमच्या पोरांकडे शेअरइट होतं, झेंडर होतं. नेट नसतानाही फटाफट सिनेमे इकडून तिकडे जायचे. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही गेली. ती आत काय करत होती हे बाहेरच्या कुणालाच बघता येत नव्हतं.

दिवाळीला नागपूरहून भाचा आला होता, त्याच्याकडे मी हे गाऱ्हाणं मांडलं. त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर आणि फोनवर 'लोकलसेंड' नावाचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, नाव-नंबर-ईमेल काही मागत नाही. मला आधी शंकाच आली. फुकट काही मिळालं की आपण बायका पहिल्यांदा उलटून पाहतो, आणि तेच बरं.

तो म्हणाला, मावशी, हे फुकट आहे त्याहीपेक्षा मुक्त आहे. ओपन सोर्स. म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या अक्षरांत लिहिलंय ती सगळी वही उघडी ठेवलेली आहे, कुणीही वाचावी, चूक दिसली तर सांगावी, दुरुस्त करावी. मला लगेच आमच्या गटाची नोंदवही आठवली. महिन्याच्या बैठकीत ती मधोमध उघडी असते. अर्ध्याअधिक बायांना त्यातलं वाचता येत नाही. पण वाचता येणारी कुणीही कधीही वाचू शकते, हे माहीत असल्यामुळेच सचिव नीट लिहिते. ज्या गटाची वही अध्यक्षिणीच्या पेटीत कुलूपबंद असते, तिथं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, आता करायचं कसं ते सांगते. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. घरी वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि लॅपटॉप त्याला जोडायचा. दोन्हीकडे लोकलसेंड उघडायचं. फोनवर 'सेंड'मध्ये जाऊन हवे तेवढेच फोटो निवडायचे. खाली लॅपटॉपचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवायचं. लॅपटॉप विचारतो, घेऊ का? हो म्हटलं की आलं. निवडलेले चार कागद गेले, बाकी गॅलरी तुमच्या फोनमध्ये तशीच बंद. नेटचा पॅक यात खर्च होत नाही, कारण माल नेटवर जातच नाही. पण एक सांगते, मी फसले म्हणून. हॉटस्पॉटला जोडल्याबरोबर माझा लॅपटॉप स्वतःचे अपडेट ओढायला लागला आणि दिवसाचा डेटा संपला. आता मी हॉटस्पॉट सुरू ठेवून मोबाइल डेटा बंद करते, काम तसंच होतं. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उतरवायला मात्र नेट लागतं. ते प्ले स्टोअरवरून किंवा त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. कधी कधी समोरचं नाव दिसतच नाही, तेव्हा बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलनं अडवलेलं असतं, त्याला परवानगी द्यावी लागते. आणि बसस्टँडवरच्या उघड्या वायफायवर अनोळखी नावानं काही आलं तर 'नको' म्हणायचं.

नावांची तर गंमतच आहे. हे सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्राला आपलं आपण एक नाव देतं, पुढं एक विशेषण आणि मागं एखादं फळ नाहीतर भाजी. माझ्या लॅपटॉपला इंग्रजीत 'हुशार कांदा' असं नाव मिळालं. बदलता येतं, पण बायकांनी बदलू दिलं नाही.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मला खरंच छान वाटलं. एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात फाइल पाठवण्याचे नियम, ज्याला एफटीपी म्हणतात, ते पहिल्यांदा १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी लिहून काढले. अलाहाबादचा मुलगा, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतला, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होता. पुढं कितीतरी वर्षं जगभरातल्या वेबसाइट त्याच नियमांनी चढवल्या गेल्या. २००१ च्या जानेवारीत टिम कोसे आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी कॉलेजचा प्रकल्प म्हणून त्यासाठी 'फाइलझिला' बनवलं. बाजारात अशी सॉफ्टवेअर खूप होती, आपलं एकही विकलं जाणार नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. ते आजही चालतंय. जुन्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. म्हणून आता त्याच्या जागी कुलूप लावून पाठवणारे प्रकार वापरतात आणि २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनं जुनं एफटीपी काढूनच टाकलं. फाइलझिला तुम्हाआम्हाला रोज लागणार नाही, वेबसाइट चालवणाऱ्यांना लागतं. पण घरात कुणी गटाच्या पापड-लोणच्यांची वेबसाइट करायला घेत असेल तर त्याचं नाव कानावर असू द्या.

त्या मुलीचे कागद दुसऱ्या दिवशी माझ्याच लॅपटॉपवर आले, गटाच्या खोलीतल्या प्रिंटरवर प्रिंट निघाल्या, अर्ज मुदतीत गेला. प्रिंटरची शाई त्याच दिवशी संपली, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून बाया येतात. पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, धानविक्रीची पावती. "कांद्यावर पाठवू का?" म्हणतात. आधार कार्ड असेल तर मी आधीचे आठ आकडे झाकलेलं, मास्क्ड आधार चालतं का ते विचारून घ्यायला सांगते. काम झालं की तिच्यासमोरच फाइल डिलीट, मग रिसायकल बिनही रिकामी.

पण प्रत्येक गावात आमची खोली थोडीच आहे? दुकानात जावंच लागतं. त्यावरचा तोड त्या मुलीनंच शोधून काढला. लोकलसेंडमध्ये 'लिंकनं शेअर करा' अशी एक सोय आहे. समोरच्या कॉम्प्युटरवर काही टाकावं लागत नाही. आपल्या फोनवर एक पत्ता दिसतो, तो दुकानदारानं ब्राउजरमध्ये टाइप केला की निवडलेले कागद तेवढे त्याला दिसतात. मात्र दोघं एकाच वायफायवर हवेत, आणि उतरवलेली फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते, ती पुसणं आपल्यालाच बघावं लागतं.

मागच्या महिन्यात ती मैत्रिणीला घेऊन त्याच दुकानात गेली. दुकानाचं वायफाय मागितलं, पत्ता वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, फोन दे ना इकडं, एवढी कटकट कशाला. ती म्हणाली, टाइप करा जी दादा, मी सांगतो ना आकडे. प्रिंट हातात आल्यावर ती काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, आता डाउनलोडमधून काढा. त्यानं काढलं. डाउनलोडच्या त्या यादीत तिच्या आईच्या पासबुकाचा दीड वर्षापूर्वीचा फोटो होता, शेजारच्या काकूंचं आधार होतं, गावातल्या आणखी कितीतरी जणींचे कागद होते. तिनं तिथंच स्टूल ओढलं आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली.